टेंडर निघायच्या आधी गाठा: रस्त्यांच्या नागरिक समितीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या भागातले रस्ते, फुटपाथ, बसथांबे ठरवताना तिथल्या राहणाऱ्यांची एक सल्लागार समिती असायलाच हवी. त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न परत परत आलेत ते घेतेय.

प्रश्न: आमच्या सात-आठ सोसायट्यांनी मिळून रस्ते समिती केलीये. महापालिकेत दोनदा निवेदन दिलं, साहेब नीट बोलले, सूचना चांगल्या आहेत म्हणाले, आणि पंधरा दिवसांत जुन्याच नकाशाप्रमाणे काम सुरू झालं. मग या समितीचा उपयोग काय? (एक वाचक, पुणे)

राग येणं साहजिक आहे. पण तुमचं निवेदन पोचलं तेव्हा त्या रस्त्याचं सगळं ठरून गेलं होतं हो. रस्त्याचं काम असं अचानक सुरू होत नाही, आधी बजेटमध्ये तरतूद होते, मग मोजमाप घेतात, नकाशा होतो, एस्टिमेट होतं, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग टेंडर, मग स्थायी समिती, मग वर्क ऑर्डर आणि मग कुठे आपल्याला जेसीबी दिसतो. आणि आपण जागे होतो ते जेसीबी दिसल्यावर. तेव्हा ज्युनियर इंजिनियरला तुमचं म्हणणं मनापासून पटलं तरी त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, कारण नकाशा बदलला की रक्कम बदलते आणि रक्कम बदलली की फाइल परत वर जाते.

म्हणून समितीने सगळ्यात आधी वर्षाचं गणित समजून घ्यावं. आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान स्थायी समितीपुढे येतं, म्हणजे खात्यांच्या याद्या त्याच्या बऱ्याच आधी बनायला लागतात, तर तुमची मागणी गणपती-नवरात्राच्या दिवसांतच पोचलेली बरी. पुण्यात तर २००६ पासून नागरिकांच्या सूचना बजेटमध्ये घ्यायची पद्धत आहे, पावसाळा संपता संपता क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म घेतात, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा असते. लोक त्यातून बाकडी मागतात, सोसायटीच्या नावाचे बोर्ड मागतात, मला खरंच वाईट वाटतं, तेवढ्या पैशात एखाद्या शाळेसमोरचा तुटका फुटपाथ नीट होऊ शकतो.

दुसरं म्हणजे मोघम लिहू नका. ‘फुटपाथ खराब आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. टेप घेऊन चाला. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी देशपातळीवरची संस्था, तिची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात राहत्या भागात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरलीये आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हटलंय. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी, डीपीचा (विजेचा) बॉक्स, झाडाचं आळं, खांब हे सगळं सोडून. दर वीस-पंचवीस पावलांवर मोजा, फोटो काढा, कुठे किती भरलं ते लिहा. मग तुमच्या पत्रात येईल की अमुक गेटपासून तमुक मेडिकलपर्यंत फुटपाथ कागदावर दोन मीटर आहे पण डीपीपाशी सत्तर सेंटिमीटरच उरतो आणि व्हीलचेअर जातच नाही. असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

चालताना प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी थांबून बघा. आपल्याकडे गाडी आत जावी म्हणून फुटपाथ गेटसमोर कापतात आणि खाली उतरवतात, त्यामुळे चालणाऱ्याला दर गेटला उतरा-चढा, उतरा-चढा करावं लागतं, गुडघे दुखणारी माणसं मग सरळ रस्त्यावरूनच चालतात आणि आपण म्हणतो फुटपाथ वापरत नाहीत. फुटपाथ गेटसमोरही त्याच लेव्हलला ठेवायचा आणि चढायचं ते गाडीने, छोटा उतार देऊन. नकाशा बनतानाच सांगितलं तर याला वेगळा खर्च फारसा नाही, नंतर सांगितलं तर सगळा फोडावा लागतो. पिवळ्या उठावाच्या फरश्याही बघा, त्या दृष्टिहीन माणसाला वाट दाखवायला असतात आणि कित्येक ठिकाणी त्या सरळ खांबावर नाहीतर झाडावर जाऊन आदळतात.

इंजिनियरला ड्रेनेजची लाइन माहिती असते, पाण्याची लाइन माहिती असते. पण सकाळी सव्वासातला शाळेच्या रिक्षा कुठे उभ्या राहतात, पाऊस पडला की कुठल्या चेंबरपाशी तळं साचतं, रात्रीच्या शेवटच्या बसला उतरलेल्या बायका कुठला रस्ता टाळतात, हे त्या नकाशात कुठेच नसतं, ते तुम्हालाच माहिती. पुण्यात २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा थांबे रस्त्याच्या मधोमध आणि तिथपर्यंत वाहत्या ट्रॅफिकमधून पोचायचं कसं ही लोकांची मोठी तक्रार होती. रोज बसने जाणाऱ्या चार बायकांना आधी विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न काढला असता.

आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा. कोण आलं, काय ठरलं, कुणी कधीपर्यंत करायचं. त्याची प्रत कार्यालयात द्या, आवकचा शिक्का मारून पोच घ्या. सूचना मान्य नसेल तर का नाही हे लेखी मागा. तोंडी ‘बघतो’ला काही अर्थ नाही.

प्रश्न: अशा समितीला कायद्याचा काही आधार आहे का, की आपण नुसतेच हौशी? (एक वाचक, नाशिक)

आधार आहे, पण तो विखुरलेला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. आपल्या महानगरपालिका अधिनियमात कलम २९ अ आहे, त्यात नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या नोंदणीकृत संस्थांमधून जास्तीत जास्त तीन जणांना प्रभाग समितीवर घेता येतं. ही तीन माणसं कोण आहेत, नेमलीत का, हे आपल्या भागात जरूर विचारा, मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते, तेव्हा तर लोकांनी जायचं कुणाकडे हा प्रश्नच होता.

प्रभाग समितीच्या खाली क्षेत्र सभेची तरतूद २००९ मध्ये आली, ग्रामसभेसारखी, पण बहुतेक शहरांत ती भरतच नाही. तुमची समिती नोंदणीकृत नसेल तरी बिघडत नाही, सल्ला द्यायला नोंदणी लागत नाही. मात्र तुम्ही सल्लागारच आहात, निर्णय घेणारे नाही, हे आपसात स्पष्ट असू द्या. ज्या समितीला आपण कंत्राटदाराला ऑर्डर देऊ शकतो असं वाटायला लागतं तिचं आणि खात्याचं दोन महिन्यांत फाटतं.

प्रश्न: आमच्या समितीत बहुतेकांचं म्हणणं की आधी फेरीवाले हटवा, मग फुटपाथचं बोलू. मला हे पटत नाही पण मी एकटी पडते. (एक वाचक, ठाणे)

ताई, तुम्ही बरोबर आहात आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट म्हटलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत आहे त्या विक्रेत्याला हटवता येत नाही. जागा कुठे द्यायची, कुठे नाही, हे ठरवताना शहराच्या नगर पथविक्रेता समितीशी सल्लामसलत करावी लागते, आणि त्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच असायला लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे रस्त्याच्या बाबतीत लोकांची सगळ्यात पक्की, कायद्याने बांधलेली समिती जर कुठली असेल तर ती ही, आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर तिचं नावही कुणाला माहिती नसतं.

माझं म्हणणं, तुमच्या समितीत भाजीवाल्या मावशींना घ्या. पाहुण्या म्हणून नको, सभासद म्हणून घ्या. त्या सकाळपासून रात्रीपर्यंत त्या कोपऱ्यावर असतात, कुठली टू-व्हीलर रोज उलट्या बाजूने येते, कुठे म्हातारं माणूस पडलं, कुठल्या वेळी रस्ता ओलांडताच येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती असणार? चालायची पट्टी सलग सोडून विक्रेत्यांच्या हातगाड्यांना खुणेची जागा आखून देता येते, ते नकाशातच दाखवायचं. रिक्षा स्टँडचा एक माणूस, घरकामाला चालत येणाऱ्या एक ताई आणि शाळेत जाणारं एखादं मूल पण घ्या. आणि बैठक रविवारी सकाळी अकराला ठेवलीत तर यातलं कुणीच येणार नाही, वेळ त्यांना विचारून ठरवा.

प्रश्न: सिएटलला मुलाकडे चार महिने होते. तिथे सायकल आणि पादचाऱ्यांसाठी शहराची नागरिक मंडळं आहेत, सून त्यांच्या मीटिंगला जाते. आपल्याकडे असं का होत नाही? (एक वाचक, डोंबिवली)

सिएटलचं सायकल सल्लागार मंडळ १९७७ पासून आहे. सभासद बिनपगारी असतात, साधे रहिवासीच असतात, आणि मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, बोलू शकतं. त्यांचाही अधिकार सल्ल्यापुरताच आहे, हे मुद्दाम सांगते, कारण परदेशात समितीने म्हटलं की होतंच असा आपला समज असतो.

तिथलं खरं घेण्यासारखं एकच वाटतं मला. तिकडे शहराचं खातं नकाशा अर्धाकच्चा असतानाच लोकांपुढे आणतं. डिझाइन ३० टक्के झालं की दाखवतात, नंतर ६० टक्क्याला परत, म्हणजे रेघा अजून पेन्सिलीच्या असतात तेव्हाच कुणीतरी म्हणू शकतं की इथे बसचं वळण बसणार नाही. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की नियोजन वाहनांचं नाही, माणसांचं व्हायला हवं. धोरण आहे, कच्चा नकाशा दाखवायची सवय नाही. ती सवय तुमच्या समितीने मागून मागून लावायची, प्रत्येक कामाला एकच वाक्य: टेंडरच्या आधी नकाशा दाखवा.

प्रश्न: बाजारपेठेतला फुटपाथ रुंद करायची आमची सूचना आहे, पण दुकानदार म्हणतात पार्किंग गेलं की धंदा बसला. त्यांना कसं समजवायचं? (एक वाचक, सातारा)

समजवायला जाऊ नका, आधी करून बघा. पुण्यात लक्ष्मी रोडवर, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत, ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला आणि पुढे दर डिसेंबरला तो होऊ लागला. एका दिवसाने सगळं कळत नाही हे खरंय, सणासारखी गर्दी वेगळी असते. म्हणून वाहतूक पोलिसांना विचारून महिनाभर नुसते प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन आणि रंगाचे पट्टे टाकून फुटपाथ रुंद करा, काँक्रीट काही नको. त्या महिन्यात दुकानदारांनाच बरोबर घेऊन मोजा: दारात उभी राहिलेली गाडी गिऱ्हाइकाची असते की दुकानातल्याच कुणाची, सकाळी नऊला लावलेली रात्रीच हलते का. मोजणी दुकानदारांच्याच हातात द्या म्हणजे आकडे कुणाचे यावर भांडण नको. आणि खरंच धंदा कमी झाला तर कोन उचलायची तयारी पण ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तुमच्याशी बोलणार नाही.

प्रश्न: स्पीडब्रेकर! समितीत अर्ध्यांना हवाय, अर्ध्यांना नकोय. (एक वाचक, कोल्हापूर)

सगळ्यात जास्त पत्रं यावरच आली. स्पीडब्रेकर म्हणून आपण जो टाकतो तो बहुतेक वेळा फूट-दीड फूट रुंदीचा उंचवटा असतो, त्याने कंबर मोडते, पोटुशी बाई रिक्षात हिंदकळते, अँब्युलन्स थांबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असतो, त्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरने आरामात जाते आणि जास्त वेगाने नेली तर धक्का बसतो. तुमच्यातल्या ज्यांना नकोय त्यांना बहुतेक पहिला नकोय आणि ज्यांना हवाय त्यांना दुसरा हवाय, तर आधी दोघांना टेप घेऊन आहे तो मोजायला पाठवा.

मग कुठे घालायचा ते बघा. शाळेसमोर, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागतो तिथे. बसच्या आणि अँब्युलन्सच्या मुख्य रस्त्यावर शक्यतो नको. रातोरात स्वतः सिमेंट आणून टाकू नका, वाहतूक पोलीस आणि महापालिका दोघांना लेखी कळवा, आणि मागणीतच लिहा की आधी इशाऱ्याचा बोर्ड, वर पांढरे पट्टे आणि रात्री चमकणारे रिफ्लेक्टर. पट्टे पावसाळ्यात पुसले जातात, ते परत कोण मारणार हेही त्याच पत्रात विचारून ठेवा.