खानापुरातच राहा, पुण्याला जाऊ नका

तुम्ही दोघांनी विचारलंय, की विज्ञान आणि गावाचं जगणं यांवर माहितीपट करणारा छोटा स्टुडिओ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात चालेल का, की पुणं गाठावं. माझं मत स्पष्ट आहे: खानापूर सोडू नका.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते. म्हादई याच तालुक्यात जन्मून पश्चिमेला गोव्यात उतरते. एकाच घाटमाथ्यावरचं पाणी एकीकडे बंगालच्या उपसागराला आणि दुसरीकडे अरबी समुद्राला कसं वाटलं जातं, हे दाखवायचं तर मिरगापासून उन्हाळ्यापर्यंत त्याच ओढ्यांवर पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाहुण्या टीमला हे परवडत नाही. तुम्हाला परवडतं, कारण सकाळी निघून संध्याकाळी घरी जेवायला येता येतं. ओढ्याकाठी खुणेचा एक दगड ठरवा आणि दर महिन्याला त्याच दगडावरून, त्याच लेन्सने तीच चौकट टिपा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून मुलांना रोजची नोंद ठेवायला लावा. वर्षाखेरीस ही आकडेवारी आणि ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली की निवेदन निम्मं कमी होतं.

शास्त्रज्ञ एक सांगतील आणि रोपलावणी करणारी आजी दुसरंच. दोन्ही ठेवा. मग शास्त्रज्ञांना कॅमेऱ्यासमोरच विचारा, आजीचं म्हणणं तपासायचं तर काय मोजावं लागेल? माझ्या मते विज्ञानपटाचा जीव त्या उत्तरात असतो.

आता पैसा. लग्नाची शूटिंगं, कॉलेजांची, दवाखान्यांची, सोसायट्यांची कामं बिनदिक्कत घ्या, घर त्यावरच चालेल. पण म्हादईच्या पाण्यावर फिल्म करताना त्या वादातल्या कुठल्याही बाजूचा रुपया घेऊ नका. कळसा-भांडुरावरून, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरून, इथे माणसं किती पेटतात हे तुम्हाला सांगायला नको. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फिल्म करवून घेतली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. म्हणून कच्चं फुटेज आणि पुढच्या वापराचा हक्क कुणाकडे राहणार, हे ॲडव्हान्स घेण्याआधी कागदावर आणा.

कॅमेऱ्याआधी माइक घ्या. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बोललेलं वाक्य नंतर कशानेच वाचत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवा, लुकलुक येणार नाही. लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

आपल्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलाचा मोह होईल, तो साहजिक आहे. तिथल्या बारापेडे गुहांतलं राऊटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला माहीत झालं आणि नंतर कितीतरी वर्षं जगात ते एवढ्या एकाच ठिकाणी ठाऊक होतं. पण भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि परवानगी मिळाली तरी गुहेत दिवे नेऊ नका. उजेडाने आणि वर्दळीने वटवाघळं ठाणं सोडतात. एका दृश्यापायी ते व्हावं, इतकं मोलाचं दृश्य नसतं.

भाषेची काळजी करू नका. माणसं मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात, तसंच ठेवा. सबटायटलं मात्र दोन्ही भाषांत द्या. हीच मलप्रभा खाली सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते आणि तिथला शेतकरी कन्नडमध्ये पाहणार आहे. वर काय होतं, हे त्याला कळण्याची गरज सगळ्यांत जास्त.

अंतिम संकलनाआधी कच्ची फिल्म गावात दाखवा. देवस्थान पंच कमिटीला विचारून देवळासमोर पडदा लावा आणि आक्षेप वहीत उतरवून घ्या. नावं, शिवारं, ओढ्यांची वळणं, सगळं तिथे तपासून मिळतं. ज्यांचे चेहरे आहेत त्यांनी एखादा प्रसंग काढा म्हटलं, तर काढा. हे सुगी आटोपल्यावर करा, रोपलावणीच्या दिवसांत कुणाला सवड नसते.