ट्रे उघडतो, पण ड्राइव्ह दिसत नाही

प्रश्न : जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे. डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे उघडतो, पण 'कॉम्प्युटर'मध्ये ड्राइव्ह दिसत नाही. नवा घेऊ का?

उत्तर : थांबा! ट्रे उघडतो म्हणजे वीज पोचते, एवढंच. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंग्जचा पडदा) ड्राइव्हचं नाव नसेल, तर संगणक बंद करून डेटा केबल घट्ट बसवा. नाव आहे, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) पिवळं चिन्ह आणि कोड ३९, म्हणजे ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर लोड न झाल्याची खूण, दिसतोय? मग माझा संशय डिस्क बर्न करणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरवर. ते काढलं तरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) 'अपरफिल्टर्स', 'लोअरफिल्टर्स' या नोंदी मागे राहतात. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, मग त्या नोंदी उडवून रीस्टार्ट करा. मात्र 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज' लिहिलेल्या कीमधल्याच (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा) उडवा. रजिस्ट्रीतल्या कीबोर्डच्या कप्प्यातही 'अपरफिल्टर्स' असतो, तो गेला की कीबोर्डच बंद!