नारळाचा तेलघाणा टाकायचा का? आधी झाडावरचे नारळ मोजा

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा प्रश्न आलाय. असेच प्रश्न निलंगा, उमरग्याकडून पण यायलेत, म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. गट 22 सभासदांचा, बांधावर नि विहिरीकडेला सगळ्यांची मिळून 600 झाडं, त्यातली फळावर आलेली 350, आणि सहकारी संस्था काढून तेलघाणा टाकायचाय. मशीनवाल्याचं कोटेशन आलंय, अॅडव्हान्स मागायलाय. दुसरा प्रश्न असा की बारकी फळं गळायलीत आणि दुकानदारानं "नारळ स्पेशल" किट दिलंय, ते वापरावं का.

घाणा आत्ता नाही. हिशोब बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, हवा कोरडी, त्यामुळं कोकणासारखं झाड लगडत नाही, पाणी बरं असलं तर बांधावरच्या झाडाला वर्षाला 60 नारळ धरा. 350 झाडांचे झाले 21,000. साधारण 7 नारळाला 1 किलो सुकं खोबरं पडतं, म्हणजे 3,000 किलो, आणि त्यातून 60 टक्क्यांनी 1,800 किलो तेल. तुमच्या कोटेशनवर मशीनची क्षमता तासाला 50 किलो लिहिलीय. 3,000 किलोला लागले 60 तास. रोज आठ तास चालवलं तर आठ दिवसांत वर्षाचं काम खतम, आणि बँकेचा हप्ता बारा महिने. मशीनवाल्यानं करून दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टात मशीन 300 दिवस चालतंय, पण तेवढे नारळ कुठून येणार त्याची एक ओळ नाही. तो म्हणेल कर्नाटकातल्या तिपटूरवरून खोबरं आणा. मग तुम्ही शेतकरी संस्था राहिला नाहीत, व्यापारी झालात, आणि व्यापाऱ्याला लागतं तेवढं खेळतं भांडवल 22 जणांच्या शेअरमधून उभं राहत नाही. 2025 ला खोबऱ्याचे भाव कसे कडाडले ते सगळ्यांनी बघितलं, अशा वेळी आधी तर आपलाच सभासद गटाला माल न देता बाहेर विकतो. म्हणून माल देण्याचं लेखी हमीपत्र सगळ्यांकडून घेतल्याशिवाय संस्था रजिस्टर करायच्या मागं लागू नका.

मी सांगेन शहाळं विका. लातूर, तुळजापूरच्या गाड्यांवर कर्नाटकातल्या मद्दूरकडचं शहाळं ट्रकनं येतंय, भाड्यासकट, दोन-तीन दिवसांचं शिळं. तुमचं सकाळी काढलं की दुपारी गाडीवर. खोबऱ्याच्या नारळाला 11-12 महिने थांबावं लागतं, शहाळं सातव्या महिन्यात निघतं, झाडावरचा भार हलका होतो नि पुढची फळं वाढतात. घड वरून टाकू नका, दोरीला बांधून खाली सोडा, देठ ठेवा, एक तडकलं की त्याचं पाणी बाकीच्यांवर सांडून सगळी पोती वास मारतात. चढणारा माणूस गटानं मिळून ठरवा, एकेकट्याला तो मिळत नाही. पहिलं वर्षभर फक्त एक वही ठेवा: कोणाच्या झाडाचे किती, कोणत्या महिन्यात, काय दरानं गेले. मोजताना मुठीएवढी झालेलीच फळं धरा, सुपारीएवढी धरू नका, त्यातली बरीच गळणारच असतात.

आता फळांची गळ. दुकानदाराचं ते किट वापरू नका. परत सांगतो, वापरू नका. उन्हाळ्यातली गळ बहुतेक वेळा पाण्याच्या ताणाची असते आणि तिच्यावर टॉनिक, हार्मोन असल्या बाटल्यांचा काही उपयोग नाही. मार्च-एप्रिलला निघणारं शहाळं सप्टेंबरात फुटलेल्या पोयीचं (फुलोऱ्याचं) असतंय, मधे दिवाळीनंतर ज्वारी-हरभऱ्याच्या नादात नारळाचं पाणी तोडलंत की त्याचा फटका उन्हाळ्यात दिसतो. मोठ्या झाडाला कोकणातसुद्धा उन्हाळ्यात रोज 40-50 लिटर धरतात, आपल्याकडं त्याहून जास्तच लागणार. तेवढं मे महिन्यात विहिरीला टिकत नसेल तर नवी झाडं लावूच नका, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे विसरू नका.

खताचं पण तसंच. शिफारस पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 2.25 किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट, 2 किलो पोटॅश, आणि ती तीन हप्त्यात, जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी. दुकानदार सांगतो एकदाच टाका, जरा जास्तच टाका, बुंध्यापाशी टाका. तिन्ही चूक. बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल आळ्यात, ओल असताना. एप्रिल-मेमधे कोरड्यात युरिया ओतला की मुळं जळतात नि वरून फळं गळतात, मग तोच दुकानदार दुसरं किट देतो. मीठ टाकायला सांगणारे पण भेटतात, आपल्या चोपण (खारवट) जमिनीत मीठ टाकू नका म्हणजे नकाच. त्यापेक्षा शहाळ्याची रिकामी सोडणं (जाड सालं) गाडीवाल्यांकडून आणा आणि आळ्यात पालथी मांडा, दोन थर. ओल कितीतरी दिवस टिकते.

कीटकनाशक मुळावाटे द्यायला कोणी सांगितलं तर शहाळ्याच्या झाडाला अजिबात नाही, ते पाणी लेकरं नि पेशंट पितात. दारात टेम्पो लावून "तीन वर्षांत फळ" म्हणून रोपं विकणाऱ्यांकडूनही घेऊ नका, नारळ विकास बोर्डाची किंवा विद्यापीठाची रोपवाटिका धरा.

योजना थोडक्यात. राज्य सरकारच्या फुंडकर फळबाग योजनेत नारळ बसतो, पण ती वैयक्तिक शेतकऱ्याला, संस्थेला नाही, आणि पुढच्या वर्षांच्या अनुदानाला ठरलेल्या प्रमाणात झाडं जिवंत लागतात. प्रक्रियेला पीएमएफएमईत (केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत) 35 टक्के अनुदान, पण कर्जाला जोडून, बाकीचं तुमच्याच अंगावर. अनुदान आहे म्हणून मशीन घ्यायचं असला उलटा विचार करू नका.

वर्षाची वही भरली की ती आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, गटाचे निदान पाच जण या, एकटा अध्यक्ष नको. तोपर्यंत मशीनवाल्याला एक रुपया अॅडव्हान्स देऊ नका.