शिवराईवरची (शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावरची) फिकट हिरवी भुकटी पुसली तरी परत येते. ही बुरशी आहे का? चिंचेने घासू का?

बुरशी नाही. आणि चिंचेने कृपया घासू नका. चिंचेतलं आम्ल हिरव्याबरोबर नाण्याचा जुना तपकिरी थरही खाऊन टाकतं. शिवराईवरची 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं आधीच झिजलेली असतात, आणि पुष्कळदा त्या थरामुळेच ती वाचता येतात. तो गेला की गुलाबी, बोडका तांब्याचा तुकडा उरतो.

हिरवं दिसलं म्हणजे नाणं खराब झालं असं नसतं. जमिनीतून निघालेल्या नाण्यांवर गडद, कडक, नखाने न सुटणारा हिरवा थर असतो. तो नाण्याला राखतो, त्याला हात लावू नये. तुमची भुकटी मात्र पोपटी, कोरडी, ठिपक्याठिपक्यांनी आलेली आणि खाली बारीक खड्डे पडलेली आहे. याला संग्राहक 'ब्राँझ डिसीज' (कांस्याचा रोग) म्हणतात, नाणं निव्वळ तांब्याचं असलं तरी. मातीतून, खाऱ्या हवेतून किंवा घामातून आलेलं क्लोराईड तांब्याशी जुळून आत बसतं. दमट हवा लागली की त्यातून ही भुकटी आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. कोकणातल्या पेटीत पावसाळ्यात ते जोर धरणारच.

खात्री करायची असेल तर लाकडी टूथपिकने भुकटी काढा आणि नाणं बंद डबीत ओल्या कापसाशेजारी, कापूस न टेकवता, रात्रभर ठेवा. सकाळी त्याच जागी ताजे ठिपके दिसले तर निदान पक्कं.

मग ते नाणं वेगळं काढा. आतलं क्लोराईड पाण्यात उतरावं म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. याला काही आठवडे लागतात. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. नंतर पूर्ण वाळवून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. बेन्झोट्रायझोलचा (तांब्याचा गंज रोखणाऱ्या रसायनाचा) उपचार सुचवणारे भेटतील, पण ते विषारी आहे, घरी नको. खड्डे खोल असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे विचारा.

भुकटीऐवजी हिरवा चिकट लेप असता, तर मी पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) अल्बमवर संशय घेतला असता. तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब करायचं काम. तुमची बाकीची नाणीही तशा पाकिटांत असतील तर आजच काढा.