दगडखाणीचा गाळ खाडीत जातोय, नाल्यात आडवी सिल्ट फेन्स लावली तर चालेल का?

नाही, सिल्ट फेन्स म्हणजे खुंट्यांना ताणून लावलेलं गाळ अडवणारं कापड, वाहत्या नाल्यात ते टिकत नाही. त्या कापडातून पाणी हळू झिरपतं, त्यामुळे मुंबईच्या एका जोरदार सरीत मागे पाणी तुंबून ते खुंट्यांसकट आडवं होतं. आधी खाणीच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं स्वच्छ पाणी बाहेरून वळवा. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, आणि नेमकं तेच राहून जातं. कापड उताराच्या पायथ्याशी, समपातळीत, खालची कड १५ सेंमी मातीत गाडून लावा. नाल्यात दगडी बांध घाला, मध्यभाग कडांपेक्षा खाली ठेवून, नाहीतर पाणी काठ कापतं. बांधाच्या खालच्या अंगाला गाळ बसायला तळं, गाळाने निम्मं भरलं की उपसायचं. मात्र क्रशरची अगदी बारीक भुकटी तळ्यातही लवकर बसत नाही. तिथे तुरटी लागते, मात्रा आधी बरणीत तेच गढूळ पाणी घेऊन तपासून.