कार्डांसाठी पोरगा घरातले पैसे घेतो, काय करू?

"मॅडम, पोकेमॉन कार्डांपायी मुलगा चोरी करायला लागला, व्यसनच लागलंय हो." मी समुपदेशक आहे, हा प्रश्न हल्ली मला खूप आया विचारतात (पोकेमॉन कार्डं म्हणजे त्या कार्टूनमधल्या प्राण्यांची, जमवायची आणि खेळायची कार्डं), म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे डिटेल्स बदललेत.

भांडुपचं कुटुंब, मुलगा चौथीत. आजोबांच्या पाकिटातून ५०० ची नोट घेतली, सगळ्याची कार्डांची बंद पाकिटं आणली. बाबांनी चिडून अर्धी कार्डं फाडली, तेव्हापासून पोरगा बाबांशी बोलेना.

पहिल्या सेशनला खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं उरलेली कार्डं दाखव ना मला, तर डबा उघडला आणि जो सुटला! डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, ६० कार्डं, एकाच नावाची ४ च चालतात, बेसिक एनर्जीची कार्डं मात्र कितीही, सुरुवातीला हातात ७, बाजूला ६ प्राइज कार्डं, कार्डाच्या कोपऱ्यात गोल असेल तर कॉमन, पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर. समोरच्या पोकेमॉनला वीकनेस असेल तर मार दुप्पट, ६० चा १२० होतो हे तोंडी सांगत होता, आणि आई म्हणत होती याचं गणित कच्चं आहे.

मी विचारलं, खेळतोस कोणाबरोबर? "कोणाबरोबरच नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये सगळे फक्त बदलाबदली करतात, चारिझार्डचं भारी कार्ड नसेल तर आपल्यात घेतच नाहीत."

मला इथे दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे त्याला ग्रुपमध्ये जागा हवी होती. आणि दुसरी ते बंद पाकीट, आत काय निघेल माहीत नाही, कधी लागतं कधी नाही, म्हणून अजून एक अजून एक करत हात थांबत नाही, लॉटरीवाल्या मोठ्या माणसांचंही हेच होतं, दहा वर्षांच्या पोराने कसं थांबावं? पण पैसे घेतले ते चूकच, तेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मग ठरलं असं की आजोबांना त्याने स्वतः सांगायचं आणि पॉकेटमनीतून आठवड्याला २० रुपये फेडायचे. पाकीट महिन्यात एकच, तेही स्वतःच्या पैशाने. एखादं कार्ड हवंच असेल तर घरी सांगून तेवढं एकच घ्यायचं. (ती सोनेरी चकचकीत कार्डं स्वस्तात मिळतात ना, ती बहुतेक नकली असतात, मुलाला आधीच सांगा, नाहीतर व्हॅनमध्ये हसं होतं.)

बाबांचं जड गेलं. सॉरी मी का म्हणू, म्हणाले. मी विचारलं लहानपणी तुम्ही काय जमवायचात? डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, म्हणाले, आणि गप्पच झाले. त्या रात्री सॉरी म्हणाले मुलाला.

खेळायला मात्र आजोबाच पुढे आले, गणपतीत रात्र रात्र रमी खेळलेला माणूस, आठवड्यात नियम पाठ. आता शेजारचा एक मुलगाही रविवारी येतो.

एवढं करूनही पैसे परत परत जात असतील, झोप उडाली असेल, शाळा नको म्हणत असेल, तर मात्र घरच्या घरी ताणू नका, समुपदेशकाकडे घेऊन या.

मागच्या सेशनला त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयचा फोटो दाखवला, दर रविवारच्या चौकोनात पेनने २० लिहिलंय. १४ झालेत, ११ बाकी आहेत.