उतरताना दुसरं विमान समोर आलं तर? वाचकांचे प्रश्न

सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी, अमेरिकेत गेलेल्या मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे बरेच प्रश्न आलेत. बहुतेकांचा रोख एकच आहे, लँडिंगला येताना हवेत टक्कर कशी टाळायची. त्यातले चार घेतोय.

प्रश्न : आमच्या ट्रेनिंग फिल्डला टॉवर नाही. कंट्रोलरच नाही तर कोण कुठून येतंय हे कळणार कसं? (विद्यार्थी, ॲरिझोना)

अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या एअरफिल्डना टॉवर नसतोच, तिथे सगळं चालतं ते पॅटर्नवर. पॅटर्न म्हणजे उतरणाऱ्या विमानांनी फिरायचा रनवेच्या एका बाजूचा ठरलेला चौकोन, जमिनीपासून साधारण 1000 फुटांवर, आणि चार्टवर वेगळं दिलं नसेल तर सगळी वळणं डावीकडे. बाहेरून येताना पॅटर्नच्या उंचीपर्यंत बाहेरच खाली ये, लेव्हल हो आणि मग 45 डिग्रीने डाउनविंडच्या, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जाणाऱ्या बाजूच्या, मध्याला शिर. वरून खाली येत येत पॅटर्नमध्ये घुसायचं नाही म्हणजे नाही, कारण तुझ्या पोटाखाली कोण आहे ते तुला दिसत नाही आणि खालचा माणूस रनवेकडे बघत असतो, वर नाही.

रेडिओ 10 मैलांपासून लावून ठेव आणि आधी ऐक, मग बोल. फिल्डचं नाव कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे घ्यायचं, कारण तीच फ्रिक्वेन्सी आसपासची आणखी फिल्डं वापरत असतात आणि अर्धवट ऐकू आलेल्या कॉलमुळे भलताच माणूस घाबरतो. ‘एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइज’ हे बऱ्याच जणांच्या तोंडी असतं, पण ते कधीही वापरू नका असं एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, स्पष्ट सांगितलंय. माझंही तेच मत आहे, तू फक्त तुझी जागा, उंची आणि पुढे काय करणार ते सांग. आणि कॉल केला म्हणजे ती जागा आपली झाली असं अजिबात नाही, समोरच्याने ऐकलं की नाही हे तुला माहीत नसतं.

प्रश्न : आयपॅडवर एडीएस-बीमुळे सगळी विमानं दिसतात, मग बाहेर कशाला बघत बसायचं? (विद्यार्थी, टेक्सस)

सगळी दिसत नाहीत. एडीएस-बी आऊट, म्हणजे विमानाने आपली जागा आणि उंची आपोआप प्रसारित करणं, 1 जानेवारी 2020 पासून तिथल्या बऱ्याच एअरस्पेसमध्ये सक्तीचं झालं, पण छोट्या फिल्डच्या आसपास ते नसलेलं विमान कायदेशीरपणे उडू शकतं, काहींमध्ये तर रेडिओसुद्धा नसतो. स्क्रीन पॅटर्नच्या बाहेर असतानाच बघून घे, कोण कुठे आहे ते डोक्यात बसव, आणि आत शिरल्यावर नजर बाहेर.

बाहेर बघायचीही रीत आहे. नजर सर्रकन फिरवली तर काही दिसत नाही, 10-10 डिग्रीचे तुकडे करून प्रत्येकावर सेकंदभर तरी थांबायचं. जे विमान काचेवर सरकताना दिसतंय ते बहुधा बाजूने निघून जाईल, जे एकाच जागी चिकटून हळूहळू मोठं होतंय त्याच्याशी तुझी गाठ आहे, आणि नेमकं तेच लक्षात येत नाही कारण डोळा हलणारी गोष्ट पटकन पकडतो. दिसण्यापासून विमान वळायला लागेपर्यंत साधारण 12.5 सेकंद जातात असं एफएए धरतं. 90-90 नॉट्सने समोरासमोर येणारी दोन विमानं तेवढ्यात अर्ध्या मैलाहून जास्त अंतर कापतात.

प्रश्न : मुंबईला उतरताना खिडकीतून दुसरं विमान अगदी जवळ दिसलं. टक्कर टाळणारं यंत्र असतं ना? मुलाच्या ट्रेनिंग विमानातही असतं का? (पालक, पुणे)

काकू, मोठ्या विमानात असतं, त्याला टीकॅस म्हणतात. आणि तुम्हाला जवळ वाटलेलं विमान बहुधा 1000 फूट वरखाली किंवा काही मैल बाजूला असणार, हवेत अंतराचा अंदाज फार फसतो. आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं ते हरियाणातल्या चरखी दादरीच्या टकरीनंतर. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाने 15000 फुटांवर थांबायचं होतं, ते आणखी खाली आलं आणि 14000 वरच्या सौदी जंबोवर आदळलं, 349 माणसं गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट एकच होती आणि कंट्रोलरच्या रडारवर उंची दिसतच नव्हती. नंतर वाटा वेगळ्या केल्या, रडारही बदललं.

पण टीकॅसलाही मर्यादा आहे, जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली ते ‘वर जा, खाली जा’ असं सांगत नाही. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला उतरणारं प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकले ते त्याच्याही बरंच खाली, रात्री, आणि विमान दिसतंय असं हेलिकॉप्टरवाल्यांनी कंट्रोलरला सांगितलेलं होतं. 67 जण गेले. मुलाच्या ट्रेनिंग विमानात टीकॅस नसणार, तिथे भरवसा पॅटर्न, रेडिओ आणि डोळ्यांवरच.

प्रश्न : मी फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेतला उतरायचा शेवटचा टप्पा) आणि दुसरा लांबून सरळ स्ट्रेट-इन येतोय, हक्क कोणाचा? (विद्यार्थिनी, फ्लोरिडा)

नियमात स्ट्रेट-इनला, म्हणजे पॅटर्न न फिरता लांबून सरळ उतरायला येण्याला, बंदी नाही. दोघं उतरायला येत असतील तर खालच्याचा हक्क आधी, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही हेही त्याच नियमात आहे. तरी माझं ठाम मत आहे की पॅटर्न भरलेला असताना लांबून सरळ येऊ नये. 18 ऑगस्ट 2022 ला कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला नेमकं हेच झालं. दोन इंजिनांचं सेस्ना 340 लांबून सरळ फायनलवर आलं, नेहमीच्या स्पीडपेक्षा खूप जास्त वेगाने, पुढे पॅटर्नमधलं छोटं सेस्ना 152 होतं, दोघंही रेडिओवर बोलत होते तरी फायनलवर धडकले आणि तिघं गेले.

त्यामुळे हक्क मोजत बसू नकोस. बेसवरून, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूवरून, फायनलला वळण्याआधी पंख जरा उचलून फायनलच्या लांबच्या टोकाकडे बघ, कारण सेस्नाचा पंख वर असतो आणि वळताना तोच तुझी नजर अडवतो. पायपर या दुसऱ्या कंपनीच्या ट्रेनिंग विमानाचा पंख खाली, त्याला खालचं दिसत नाही, म्हणजे वर पायपर आणि खाली सेस्ना असेल तर कोणालाच कोणी दिसत नाही. शंका आली की गो-अराउंड कर, म्हणजे उतरणं सोडून परत वर चढ, लगेच, कोणाची परवानगी लागत नाही. खाली किंवा पुढे विमान असेल तर थोडं उजवीकडे सरकून चढ म्हणजे ते तुझ्या डाव्या खिडकीत राहील, आणि क्रॉसविंडला, म्हणजे रनवेनंतरच्या पहिल्या आडव्या बाजूला, वळायची घाई करू नकोस, कारण त्याने टच अँड गो (चाकं टेकवून लगेच परत उड्डाण) केलं तर तोही तिथेच चढत येणार.